धक्क्यावर एक पाय

सांगतेय ते खरं आहे. मला गोष्टी रचायला वेळ नाही. कपडे लहान-मोठे करून देण्याच्या दुकानात मी काम करते. दिवसभर लोकांच्या पँटी उसवायच्या आणि घरी येऊन आजारी नवऱ्याचं करायचं, असं माझं चाललं होतं. इतकी दमलेली बाई भुतं कुठून काढणार?

आणि हे रात्रीचंही नाही. रात्रीचं असतं तर मीच म्हटलं असतं, झोप नाही म्हणून भास झाला.

हे भरदुपारचं आहे. पाचव्या मजल्यावरच्या आमच्या घरातलं, पडदे उघडे असतानाचं.

पण आधी बेटाचं सांगायला हवं.

आमच्या तरुणपणी किनाऱ्यासमोरच्या बेटावर एक नाइटक्लब होता. आता तिथे नुसत्या भिंती उरल्यात. तेव्हा शनिवारी लाँचमध्ये मुंगी शिरायला जागा नसायची. लाल सिमेंटची जमीन, वर आरशाच्या तुकड्यांचा फिरणारा गोळा आणि खाऱ्या हवेनं चिकट झालेले सगळ्यांचे हात. मी नाचायला लागले की मला तहानभूक कळायची नाही. नवरा मला तिथेच भेटला. भयंकर नाचायचा. आजूबाजूचे आपापले पाय वाचवत लांब सरकायचे. पण गडी थांबायचा नाही आणि मला तेच आवडलं.

आमच्यात तिसरा होता लंगर. फ्रिज दुरुस्त करायचा. त्याला लंगर म्हणायचो, कारण बोटीच्या नांगरासारखा तो शेवटची लाँच अडवून धरायचा. भोंगा वाजला की आधी धक्क्यावर जाऊन उभा राहायचा. एक पाय धक्क्यावर, एक पाय लाँचच्या काठावर. पायात ते जाडजूड बूट. असा माणूस मध्ये असला की लाँचवाल्याला दोर सोडता येत नसे.

"पाय काढ रे, पाण्यात पडशील!" लाँचवाला ओरडायचा.

"थांबा हो मामा. एक जण यायचंय अजून."

ते एक जण म्हणजे बहुतेक वेळा मी. नवरा आधीच जाऊन माझी जागा धरून बसलेला असायचा. मी आतूनच ओरडायचे, "आले रे! एकच गाणं!"

कुणी मागे राहिलेलं असताना लंगरनं कधी पाय उचलला नाही.

किती सुखाचे दिवस होते ते. आठवलं की अजून पोटऱ्या दुखतात, पण बरं वाटतं.

मागच्या वर्षी लंगर झोपेतच गेला. नवरा तेव्हा अंथरुणाला खिळला होता. फुफ्फुसांचं दुखणं. त्याला सांगितलं तर म्हणाला, "धक्क्यावर गेला असेल पुढे." आम्ही हसलो. मग दोघंही रडलो.

त्यानंतर काही दिवसांनी सुरुवात झाली.

दुकानाला काचेचं दार आहे. सोडलं की आपोआप मिटतं. मी एकटीच एका कोटाची बाही उसवत बसले होते. गिऱ्हाईक बाहेर गेलं. दार मिटत आलं आणि...

थांबलं.

फट बुटाच्या रुंदीची होती. मी दोन्ही हातांनी ढकललं. ढिम्म हललं नाही. खाली पाहिलं, तिथे काहीच नव्हतं. मी मशीनवर परत येऊन बसले, तेव्हा ते सावकाश मिटलं.

मग आमच्या इमारतीची लिफ्ट. दारं जवळ यायची आणि... पुन्हा उघडायची. आत मी एकटी, हातात औषधांची पिशवी. लिफ्ट दुरुस्त करणारा येऊन तपासून गेला.

"ताई, सेन्सरला काहीतरी आडवं लागतंय," तो म्हणाला. "पण काय लागतंय ते मला सापडत नाही."

मी हसण्यावारी नेलं. रोज उठून इतकी कामं असताना लिफ्टचं काय घेऊन बसायचं?

मग ते घरात आलं.

दुपारी नवऱ्याचा डोळा लागावा म्हणून मी त्याच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे. ते मिटेना. सुतार बोलावला. त्यानं बिजागऱ्या बदलल्या, कडेला रंधा मारला, घाम पुसत उभा राहिला.

"वहिनी, दारात काही दोष नाही. पलीकडून कुणी पाय घातला की होतं ना, तसं होतंय."

मी त्याचे पैसे दिले आणि त्याला वाटेला लावलं.

मदतीला नणंद येऊन राहिली होती. ती मला रागावली. "वहिनी, घर जुनं झालं की दारं फुगतात. तू आधी दोन तास झोप बघू."

मी आडवी झाले. डोळे मिटले आणि...

कर्र... कर्र...

लाँचला बांधलेले जुने टायर धक्क्याला घासायचे, तसा आवाज. पाचव्या मजल्यावर.

नणंदेला ऐकू येत नव्हता. नवऱ्याला येत होता.

"लंगर आलाय गं," तो म्हणाला. "किती वेळ उभं करायचं त्याला?"

हा आपल्या माणसाला न्यायला आलाय, हे मला कळून चुकलं. मी त्या फटीपाशी तोंड नेलं.

"जा रे बाबा. तो येणार नाही. औषधं चालू आहेत त्याची."

फटीतून खारट वारा आला.

मी दाराला खुर्ची लावली. मग घरचं शिलाई मशीन ओढून लावलं. मशीन सरकलेलं दिसायचं आणि फट तेवढीच. शेवटी मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसायला लागले. मला माझा नवरा हवा होता. खोकणारा, चिडणारा, कसाही चालला असता.

पण तो थकला होता. मीही थकले होते. माणसाला धरून ठेवायलाही ताकद लागते आणि माझी संपत आली होती.

एका दुपारी तो म्हणाला, "ते मशीन काढ तिथून."

मी काढलं. त्याच्याजवळ बसले.

"पाय दुखतायत गं," तो म्हणाला. कित्येक महिन्यांत पाऊल न टाकलेला माणूस. "नाचून आल्यासारखे."

"जायचंय का तुला?"

"तू?"

माझ्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, "हो पुढे. माझी जागा धर."

तो हसला. आणि बाहेर कुठेतरी...

भोंगा वाजला.

नणंद धावत आत आली. "वहिनी, काय वाजलं गं?"

तोवर तो गेला होता.

सगळं आटोपल्यावर नणंदेनं खोलीचं दार ओढलं. पहिल्या झटक्यात मिटलं. मला रडू फुटलं, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. लंगर ज्याच्यासाठी आला होता तो मिळाला. आता संपलं.

नणंद तिच्या घरी गेली. मी कामावर जायला लागले.

पहिल्याच दुपारी एक बाई शिवलेला फ्रॉक घेऊन बाहेर पडली. दार मिटत आलं आणि...

थांबलं.

फट तेवढीच. बुटाएवढी.

हातातली कात्री तशीच राहिली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवरा या दुकानात कधी आलाच नव्हता. लिफ्टमध्येही मी एकटीच असायचे.

आता घरातलं एकही दार मिटत नाही. नणंद म्हणते, माझ्याकडे राहायला ये. पण दारं तिच्याकडेही आहेत. डॉक्टर म्हणतात, थकवा आहे, सगळं ठीक होईल. सकाळी उठते तेव्हा पोटऱ्या भरून आलेल्या असतात.

भीती वाटते का? वाटते. पण खरी भीती वेगळीच आहे. कधीकधी इतकी दमलेली असते की ती फट बघून मला बरं वाटतं.

हे लिहितेय ती दुपारच आहे. टायर घासतायत. मघाशी भोंगाही वाजला... अगदी जवळून.

मी मागे वळून पाहिलं नाही. बसल्या जागेवरून ओरडले, "आले रे! एकच गाणं!"

दार मिटलेलं नाही. तो थांबलाय.