करंगळीचं पान

भागूबाई पळसाची पानं तोडायला डोंगराकडं निघाली, यात कुणाला नवल वाटावं असं काही नव्हतं. पत्रावळ्या लावणं हा तिचा बारमाही उद्योग. खोपोलीला तळ्याकाठच्या देवळात जेवणावळी होत, तिथं तिच्या पत्रावळ्या जात. कुठलं पान चिवट, कुठलं नुसत्या हात लावण्यानं फाटेल, हे तिला बघताच कळे. भाद्रपदातल्या त्या सकाळीही तिनं नेहमीसारखा भारा बांधला आणि नेहमीसारखा डोक्यावर घेतला. फरक एवढाच, की या वेळी पानं मोजून आणायची होती. तीनशे साठ. त्या पानांचा तिच्या नवऱ्याचा देह व्हायचा होता.

सहदेव, तिचा नवरा, घाटाखाली शापूरशेटच्या बंगल्यावर चाकरीला होता. मुंबईत गाठीचा ताप शिरला आणि माणसं पटापट मरू लागली, तसं शेटनं कुटुंब घेऊन दर्यावर हवा खायला जायचं काढलं. लंकेवरून पुढं मोरसच्या, म्हणजे मॉरिशसच्या, वाटेवरची बेटं बघायची, चार महिने मजा करायची, रोगराई निवली की परतायचं. हौसेला मोल नसतं, आणि शेटच्या हौसेला तर नव्हतंच. चाकरीला दोन गडी नेले, एक आचारी नागू आणि दुसरा सहदेव. माघात मंडळी आगबोटीवर चढली. ज्येष्ठ सरला तरी पत्ता नाही. श्रावणात शेटच्या पेढीवरून निरोप आला, आगबोट तुफानात बुडाली, कुणी वाचलं नाही.

देह हाती लागला नाही की पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही रीत. पुढं पितृपंधरवडा होता. भाऊ पाण्यात तळमळत राहायला नको, म्हणून धाकट्या येसाजीनं भटजींना बोलावलं. अंगणात दर्भ अंथरला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. भटजी एकेक अवयव सांगत, येसाजी पानं मांडी, आणि पानं मोजून द्यायला भागूबाई बसली, कारण पानांतलं तिच्याइतकं कुणाला कळत होतं? डोक्याला चाळीस. गळ्याला दहा. छातीला तीस. जिच्या कपाळावरचं कुंकू आदल्या दिवशी पुसलं होतं, ती बाई नवऱ्याची छाती पानापानानं हातावेगळी करत होती.

"आता हातांची बोटं," भटजी म्हणाले. "दहा पानं."

तिनं नऊ दिली. दहावं, डाव्या करंगळीचं, पदराखाली सरकवलं. तिला वाटलं, सगळाच माणूस कसा देऊन टाकायचा? एवढासा तरी आपल्याकडं राहू दे. आणि एक पान कमी पडलं म्हणून कुठला पुतळा उठून भांडायला येतो?

पाताळगंगेच्या काठी पुतळा जळला. दहाव्या दिवशी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. झाडावर दहा-बारा बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं, माणसं भुकेजली. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले.

तेराव्याच्या संध्याकाळी, दिवेलागणीला, भागूबाई दिवा घेऊन बाहेर आली तर ओट्यावर सहदेव बसला होता. अंगात शेटनं दिलेला पांढरा अंगरखा, पाय खाली सोडलेले.

"अवो... तुमी?"

"आलो गं," तो म्हणाला. "लई लांबनं आलो."

ती आनंदानं ओरडली. "भावजी, अवो भावजी, बगा कोन आलंय!" येसाजी गोठ्यातून धावत आला, इकडं तिकडं बघितलं, आणि टेकला नेमका तिथंच. सहदेवाच्या मांडीवरच म्हणा ना. सहदेव जरा बाजूला झाला.

"कोन आलंय वैनी?" येसाजी हळू आवाजात म्हणाला. "कुनाशी बोलतीस?"

तेव्हा तिला कळलं. "चुकून म्हनले," एवढं सांगून तिनं दिराला जेवायला वाढलं. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त तिला बरं वाटलं, ही खरी गोष्ट आहे, आणि खरी गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

तो रोज येऊ लागला. ऊन उतरलं की यायचा, घटका दोन घटका बसायचा, दर्यावरच्या त्या सफरीची हकिगत सांगायचा. जित्तेपणी अबोल होता, आता मात्र काही हातचं राखत नव्हता.

"लोक म्हनतील, सादेवानं मजा मारली. मजा कसली गं! घोडं मेलं वझ्यानं, आन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं. पयल्या दिशीच शेट वकाया लागला. शेटानी वकते, पोरं वकत्यात, आन् मी भांडी घिऊन या टोकाचा त्या टोकाला पळतोय. माज्या पोटात ढवळतंय त्याचं कुनाला? खाली आमी निजायचो तितं कोळशाचा आन् तेलाचा वास. उंदीर असे, की मांजर भ्यावं. वर सायेब लोक वाजंत्री लावून नाचायचे. मेलेलं मानूस बी असं वाकडं पडत नाय, तसे नाचायचे."

ती पदर तोंडाला लावून हसायची.

"पर बेटं बगितली गं भागू. ते खोटं नाय. पानी निळीच्या बादलीवानी. वाळू पांढरी, भाकरीच्या पिठावानी. नारळ इतके, की कुनी उचलून नेईना. एका बेटावर कासवं होती, पोरं पाठीवर बसली तरी चालायची. तवा वाटलं, ही हवी होती इतं. तुला दावायला हवं होतं."

अशा वेळी तिनं एकदा त्याचा डावा हात धरला. विहिरीच्या तळच्या पाण्यासारखा गार हात. पंजा गार, बोटं गार. करंगळी मात्र ऊनऊन होती, जित्त्या माणसाची असते तशी. भागूबाईला लपवलेलं पान आठवलं. त्या दिवसापासून ती त्याची करंगळी धरूनच बसे, आणि तो सांगत राही.

हकिगत मात्र रोज एकाच ठिकाणी येऊन थांबायची.

"मंग एका ल्हान बेटावर उतरलो. तितं सकाळच्या पारी कावड भरत होतो... ऊन असं वर आलं होतं... आन् मंग..."

"मंग काय झालं?"

तो आपल्या हातांकडं बघत बसायचा. "मंग ठावं नाय."

तिला वाटलं, तेव्हाच तुफान आलं असणार. बुडालेल्या माणसाला बुडणं कसं आठवायचं?

कार्तिक लागला तसा तो थकल्यासारखा दिसू लागला. एकदा म्हणाला, "जड वाटतं गं. हितं बी नाय, तितं बी नाय. मधीच कुनी धरून ठिवल्यावानी." भागूबाईला रात्रभर झोप आली नाही. कुणी धरून ठेवलंय, हे तिच्याहून कुणाला ठाऊक?

वरच्या ठाकूरवाडीची बुधी लाकडाची मोळी घेऊन यायची. म्हातारी जाणती होती. भागूबाईनं एका दुपारी तिला सगळं सांगितलं, पान चोरल्यापासून ते करंगळीपर्यंत. बुधीनं ऐकून घेतलं, मोळीची दोरी उगाच दोनदा आवळली.

"आडाकलाय त्यो," ती म्हणाली. "तुज्या पानाला आडाकलाय. सोड त्याला, बाय. मया हाय म्हनून मानसाला खुट्याला बांदू नये."

"मंग मला परत दिसायचा नाय ना?"

बुधी मोळी टाकून निघून गेली.

तरी भागूबाईनं महिनाभर दिवस ढकलले. उद्या करू, उद्या करू. मार्गशीर्षातली अमावास्या आली तेव्हा तिनं मन घट्ट केलं. भाताच्या कणगीत पुरून ठेवलेलं पान काढलं. तीन महिने उलटून गेले होते. पळसाचं पान आठ दिवसांत वाळून कडक होतं, हे तिच्याहून चांगलं कोण जाणणार? आणि हे हिरवंगार होतं. देठ तोडल्या जागी ओलावा होता.

ओट्यावर तो येऊन बसल्याची चाहूल लागली. ती बाहेर गेली नाही. बाहेर गेली असती तर हातून झालं नसतं. चुलीकडं तोंड करून बसली आणि पान निखाऱ्यावर ठेवलं.

"भागू," बाहेरून हाक आली. "काय करतीस गं?"

पान लवकर पेटेना. आक्रसलं, वळवळलं.

"भागू... आगं, वळून तरी बग..."

ती वळली नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबून बसून राहिली. पान जळलं तेव्हा आलेला वास पानाचा नव्हता. मग सगळं शांत झालं. बाहेर जाऊन बघितलं तर ओटा रिकामा होता. ती ढसाढसा रडली, आणि रडता रडता स्वतःला म्हणाली, की जे बायकोनं करायला हवं ते आपण केलं. त्याला वाट मोकळी करून दिली. या एका विचारावर तिनं पुढचे तीन महिने काढले.

फाल्गुनात, भर दुपारी, एक वाळलेला माणूस अंगणात येऊन उभा राहिला. शेटच्या बंगल्यावर पूर्वी दोनदा बघितला होता म्हणून ओळखू आला. आचारी नागू. येसाजी शेतावर होता. भागूबाईनं पाणी दिलं. नागू ओट्यावर बसला, तीही जरा अंतरानं टेकली.

"बोट बुडाली नव्हती, वैनी," नागू खाली मान घालून म्हणाला. "यंत्र मोडलं, वाहात वाहात एका बेटाला लागलो. मुंबैची बोट, गाठीचा ताप घिऊन आली आसंल, म्हनून तितल्या सरकारनं आमाला अडकवून ठिवलं. ना कागूद, ना निरोप. आता पंदरा दिसांमागं परत आलो."

भागूबाईनं विचारलं, "आन्... हे?"

"सादेवदादा भादव्यात पडला. सकाळी कावड भरत होता. एकाएकी वरडला, जळतोय, जळतोय म्हनून, आन् कोसळला. अंगावर चटका नाय, डाग नाय. डागदर म्हनला, अंग गेलं. मानंखाली कायसुदिक हलंना. डाव्या हाताची करंगळी तेवढी हलायची."

"जित्ते होते?" ती म्हणाली. "भादव्यानंतर... जित्ते होते?"

"व्हय की. मार्गशीर्षापातुर होता. बोलायचा चांगला. सांजच्याला डोळे मिटून पडायचा. उघडले की म्हनायचा, नागू, घरी जाऊन आलो. वट्यावर बसलो, तिनं करंगळी धरली. आमी हसायचो, वैनी. आता वाईट वाटतंय." नागूनं डोळे पुसले. "डागदर म्हनायचा, करंगळी हलती हाय तवर आशा हाय. तितनंच जीव परत अंगभर पसरंल. मार्गशीर्षाच्या आमुशेला डोळे मिटूनच बोलाया लागला. म्हनला, आज ती चुलीकडं तोंड करून बसलीया. हाक मारतोय तर वळत नाय. मंग करंगळी जळती म्हनून वरडला... आन् गेला. दर्यात सोडला आमी."

भागूबाई रडली नाही. रडायला माणसाला आपण निदान निर्दोष आहोत असं वाटावं लागतं. कावळा का शिवला नाही ते तिला आता कळत होतं. त्या तीनशे एकुणसाठ पानांत गावानं एक जित्ता माणूस जाळला होता, आणि जे एक पान त्याला धरून होतं, ते तिनं आपल्या हातानं चुलीत घातलं होतं.

नागू आणखी काहीबाही सांगत होता, शेटनं काय देऊ केलंय ते. बोलता बोलता तो ओट्यावर जरासा सरकला. मग आणखी थोडा सरकला, आणि दोघांच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली.

"का सरकलात?" भागूबाईनं विचारलं.

नागू गोंधळला. आपण कुठं बसलोय ते त्यानं बघितलं. "सरकलो व्हय?" तो म्हणाला. "काय की... कुनी बसाया आल्यावानी वाटलं."

अंगणात लख्ख ऊन होतं. भागूबाईनं हळूच हात लांब करून त्या मधल्या जागेवर ठेवला आणि लगेच मागं घेतला. हाताला काय लागलं, ते तिनं पुढं जन्मात कुणाला सांगितलं नाही.