उशीतली हवा

विद्यापीठाच्या मैदानावर हवामानाची जत्रा भरली होती. फेब्रुवारी अजून सरायचा होता, तरी मांडवाच्या लोखंडी खांबाला हात लावता येत नव्हता. सगळ्यात मोठी रांग 'जुनी हवा आणा' या मांडवापुढे होती. कुणी बुचाला लाख लावलेली अत्तराची रिकामी कुपी आणली होती, कुणी आजोबांच्या वेळचा पोकळ काचेचा पेपरवेट. सोपान घुलेच्या हातात प्रवासात मानेला लावायची हवेची उशी होती.

टेबलावरचं यंत्र शिलाई मशीनएवढं होतं. आणलेल्या वस्तूतली चिमूटभर हवा ते सुईने ओढून घ्यायचं, तिच्यातल्या कर्बाचे हलके आणि जड अणू वेगवेगळे मोजायचं आणि ती हवा कधी कोंडली गेली ते सांगायचं. मग पडद्यावर त्या सालाचा ठिपका उमटायचा. सकाळपासूनचे ठिपके जुन्या सालापासून आजपर्यंत, कर्ब वाढत गेल्याप्रमाणे, वर वर चढत गेले होते.

सोपानला ठिपक्यांशी काही कर्तव्य नव्हतं. ज्या हवेचं वय पटेल, ती विद्यापीठ काचेच्या कुप्यांत भरून शंभर वर्षं जपणार, असं त्याने पेपरात वाचलं होतं. त्याला तेवढंच हवं होतं.

उशी त्याच्या बायकोने, इंदूने फुंकली होती. तीन वर्षांपूर्वी, गणपतीपुळ्याला जाणाऱ्या एसटीत. सोपान तेव्हा डेपोच्या टायर विभागातून नुकताच निवृत्त झाला होता. "द्या इकडे. तुमचा दम टायरांत संपला," असं म्हणून तिनेच उशी ओढून घेतली होती. परत आल्यावर आठवड्याने उन्हाची लाट आली. वाळवण काढायला ती दुपारी गच्चीवर गेली, उतरताना जिन्यात बसली आणि उठलीच नाही. पुढे तिची लुगडी वाटली गेली. श्वास तेवढा घरात राहिला.

"मामा, अजूनही परत जाऊ या," सून पल्लवी म्हणाली. सकाळपासून ती हेच म्हणत होती. "घरी नीट आहे की उशी."

"घरी एखाद्या दिवशी फुटली म्हणजे?"

"ओ आजोबा, सरका पुढं," मागचा माणूस म्हणाला. "उशीत काय सोनं भरलंय?"

"बायको आहे," सोपान म्हणाला.

तो माणूस हसला. मग त्याने सोपानच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकला.

यंत्रापाशी डॉ. नसीमा मुजावर होत्या. सोपानने उशी लगेच सोडली नाही. "किती घेणार?"

"थेंबभर, काका. कळणारसुद्धा नाही."

सुई आत गेली. मुजावर बाईंनी आकडे पाहिले. "ही नुसती हवा नाही, श्वास आहे."

"ते माहीत आहे मला."

"पण तीन वर्षांपूर्वीचा नाही, काका. फार तर महिन्यापूर्वीचा."

"तुमचं यंत्र चुकलंय. परत बघा."

त्यांनी परत पाहिलं. आकडे तेच आले. सोपान पल्लवीकडे वळला, तिला यंत्राची तक्रार सांगायला. ती खाली बघत होती.

"ढिली पडायची ती," पल्लवी म्हणाली. "पहिल्यांदा पडली तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता. मग तुम्ही देवळात गेलात की मी फुंकून ठेवायची. आत्याचं होतं ते काढलं नाही, मामा. त्याच्यावरच भरलं."

सोपानने जन्मभर ट्यूब तपासल्या होत्या. न वापरता ठेवलेल्या ट्यूबचीही हवा कमी होते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ढिली पडलेली उशी परत टम्म झाली आणि पुढे तशीच राहिली, तेव्हा त्याने त्याबद्दल विचारच केला नव्हता.

"तिचं काही उरलंय का आत?"

"असेल," मुजावर बाई म्हणाल्या. "यंत्राला दिसेल इतकं नाही."

"मग गेलं कुठं?"

"बाहेर. थोडा कर्ब झाडांनी घेतला, थोडा समुद्राने. बाकीचा हवेत आहे, पुष्कळ वर्षं राहील. हवेत सोडलेलं लगेच नाहीसं होत नाही. सकाळपासून सगळ्यांना हेच सांगतेय मी."

"चितेचा धूर?"

"तोही."

"आणि आमच्या डेपोतल्या गाड्यांचा?"

बाईंनी सुई बाजूला ठेवली. "तोही त्यातच, काका."

मग त्या हळूच म्हणाल्या, "नियमात बसत नाही, पण एक कुपी भरून देते मी."

सोपानने मान हलवली. "नको. काचेत कोंडून काय करू?"

सासरा-सून मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली बसली. समोरून गरम वारा येत होता. सोपानने उशी दाबून पाहिली. सुईच्या भोकातून ती सावकाश बसत चालली होती. त्याने पिशवीतली चिकटपट्टी काढली आणि भोकावर अंगठ्याने घट्ट दाबून बसवली. मग तोटी तोंडाला लावून फुंकली, पण दम पुरला नाही आणि खोकल्याने तो वाकला. पल्लवी पाठ चोळू लागली.

"तू भर," तो म्हणाला. "चोरून नको. माझ्यासमोर भर."

पल्लवीने पदराने तोटी पुसली. तोंडाला लावण्याआधी तिने खोल श्वास घेतला. तिचे खांदे वर आले. सोपान तिच्याकडे बघत राहिला. ह्या श्वासात इंदूचं किती असेल, आणि त्याच्या गाड्यांच्या धुराचं किती?