सात नंबरचा मृत्यू, एक वाजून दहा मिनिटांनी

"माझा खून झालाय," पलंगावर बसलेले मास्तर म्हणाले. "कोणी केला ते पाचच्या आत शोधून द्या."

भाचेबुवांच्या हातातली वही पडली. मावशींनी मात्र शांतपणे स्टूल ओढलं. शोधाचा धंदा करता करता त्यांची वीस वर्षं गेली होती, पण स्वतःच्याच खुनाची तक्रार घेऊन फोन करणारा हा पहिलाच.

"नीट सांगा," त्या म्हणाल्या.

मास्तर निवृत्त हेडमास्तर, आवाज अजून साठ पोरांच्या वर्गाला पुरेल एवढा. "काल दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी वारलो, असं तो कॉम्प्युटर म्हणतो. औषधं बंद! संध्याकाळचं जेवण बंद! स्वयंपाकघर म्हणतं, मयताला ताट जात नाही. सकाळी जावयाचा फोन आला, धाय मोकलून रडत होता. त्याच्याकडून एवढी अपेक्षा नव्हती."

"आणि पाच वाजता काय?"

मास्तरांचा आवाज एकदम खाली आला. "नोंद सिस्टरच्या नावावर पडलीय. मोठे डॉक्टर पाचला तिला कामावरून काढणार. सव्वीस वर्षं हा वॉर्ड सांभाळलाय तिनं. ऑपरेशननंतर मला उभं केलं ते तिनं, आणि मला मारल्याचा आळ तिच्यावरच! मला हे सहन होत नाही हो."

घड्याळात पावणेचार झाले होते.

हॉस्पिटलात कॉम्प्युटर येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. मशीनवर भरवसा बसेपर्यंत सगळं दोनदा लिहायचं, एकदा त्यात आणि एकदा जुन्या जाडजूड रजिस्टरात, असा हुकूम होता. सात नंबरच्या पलंगाला खेटूनच सिस्टरचं टेबल. त्यावर पडदा, कीबोर्ड आणि रजिस्टर एवढं मावल्यावर प्रिंटरला जागा उरली नाही, म्हणून तो मास्तरांच्या पलंगाशेजारच्या कपाटावर बसवला होता. मास्तरांचा पाण्याचा तांब्या खिडकीत गेला होता आणि चष्मा उशीखाली.

सिस्टरचे डोळे सुजले होते, पण पाठ ताठ होती.

"काल पावणेएकला जेवणं वाटून झाली. बारा पन्नासला मी मास्तरांचं पान उघडलं. आज ते घरी जायचे होते ना, तेच नोंदवत होते. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं, तशीच धावले. परत आले दीडला."

"पान उघडंच टाकून?"

"पाच मिनिटं कोणी हात लावला नाही तर आपोआप कुलूप पडतं. उघडायला माझाच पासवर्ड लागतो, आणि तो माझ्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही."

"मग गडबड कधी कळली?"

"दोन वाजता. मास्तरांना डायबिटीस आहे, म्हणून साखर तपासली, तर कॉम्प्युटर नोंदच घेईना. मयताची कशी घेणार? शेवटी रजिस्टरात लिहिली, आणि मीच जाऊन मोठ्या डॉक्टरांना सांगितलं."

मावशींनी रजिस्टर उघडलं. सात नंबर, सकाळी एकशेतीस, दुपारी दोनशे नव्वद. "हं," त्या म्हणाल्या. भाचेबुवांनी वहीत "हं" लिहून घेतलं.

शिकवायला आलेले कॉम्प्युटरचे साहेब टाय सावरत आले. "मशीन चुकत नाही, माणूस चुकतो," त्यांनी आल्या आल्या बजावलं. मग मास्तरांचं पान उघडून दाखवलं. 'स्थिती' या चौकटीत यादी होती: दाखल, दुसरा वॉर्ड, घरी, मृत. खालच्या बाणाचं बटण दाबलं की निवड एकेक पायरी उतरायची आणि शेवटी 'मृत'वर जाऊन थांबायची.

"आणि सेव्ह कुठे करायचं?"

"ती कटकटच नाही! कुलूप पडताना पडद्यावर जे असेल ते आपोआप जतन होतं." साहेबांनी नाक मुरडलं. "पण या वॉर्डाला शिस्तच नाही. बघा, कीबोर्डवर मुंग्या!"

मावशींनी चष्मा लावला. मुंग्या उजव्या कोपऱ्यातल्या बाणांच्या बटणांवर गर्दी करून होत्या. भाचेबुवांनी फुंकर मारायला तोंड उघडलं, तशी मावशींनी त्यांना कोपर मारलं.

तळघरातल्या फायलींचे राखणदार रेकॉर्डकाका तर खुशीत होते. "माझ्या फायलीत तीस वर्षांत एकही जिवंत माणूस मेला नाही!"

"काल एक वाजता कुठे होता?"

"इथेच. रजिस्टर न्यायला आलो होतो. मास्तर म्हणाले, काका, आधी मला जेवू द्या, मग उचला. फिरलो मागे."

भाचेबुवांनी काकांच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

शेवटी वॉर्डातले मामा आले. "पाऊण वाजता ताटं वाटतो, एक पाचला उचलतो. माझ्यावरून घड्याळ लावा."

"मास्तर जेवले नीट?"

"ताट पुसून!" मामा हसले, मग मास्तरांकडे बघून एकदम गप्प झाले. मास्तर छत न्याहाळत होते.

पावणेपाचला मोठे डॉक्टर आले. हातात सिस्टरच्या नावाचा कागद होता.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "खुनी सापडलाय."

"रेकॉर्डकाका!" भाचेबुवा ओरडले.

"तू खाली बस." मावशी टेबलाशी गेल्या. "सिस्टर बारा पन्नासला गेल्या. कुलूप पंचावन्नला पडायला हवं होतं, पडलं एक दहाला. म्हणजे एक पाचपर्यंत काहीतरी एक बटण दाबून बसलं होतं, आणि मशीनला वाटत होतं की काम चाललंय. एक पाचला ते उचललं गेलं. त्या वेळी या वॉर्डात काय उचलतात?"

"ताटं," मामांच्या तोंडून निसटलं.

"मास्तरांच्या कपाटावर प्रिंटर. मग ताट ठेवणार कुठे? सिस्टर गेल्याबरोबर मास्तर त्यांच्या खुर्चीत बसले. म्हणून तर काकांनी रजिस्टर मास्तरांकडे मागितलं. ताटाची कड खालच्या बाणावर टेकली, निवड घसरत 'मृत'वर गेली आणि तिथेच थांबली."

"पण जेवलो तर जेवलो! ते मी लपवलं कशाला असतं?" मास्तर गुरकावले.

"कारण बाणावर मुंग्या आहेत, आणि मुंग्या पथ्याच्या जेवणाला येत नाहीत. एकशेतीसची साखर दोनशे नव्वद उगाच होत नाही, मास्तर. पाच वाजायला दहा मिनिटं आहेत. पुढचं तुम्ही सांगता की मी?"

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. त्यांचे कान लालबुंद झाले. पस्तीस वर्षं पोरांना कबूल करायला लावलेला माणूस आता स्वतः कबूल करायला बसला.

"जॅम," ते म्हणाले. "मामांनी आणून दिला, मीच मागे लागलो होतो. डॉक्टर, दोष माझा आहे. तिला शिक्षा झाली तर मला खरंच काहीतरी होईल."

त्यांचे डोळे भरून आले. मामाही नाक ओढायला लागले.

मोठ्या डॉक्टरांनी कागद फाडला. "ठीक आहे. साहेब, मास्तरांना जिवंत करा."

"मला नाही येणार," साहेब चाचरले. "त्याला मुख्य सिस्टरचंच नाव लागतं. तुम्ही ते काल बंद केलंत."

"मग उघडा की! माफ करा, सिस्टर."

सिस्टर खुर्चीत बसल्या. पासवर्ड टाकताना त्यांनी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली, मोठ्या डॉक्टरांनासुद्धा. मग वरच्या बाणाचं बटण तीनदा वाजलं.

"तीनदा?" मास्तर चपापले. "'घरी' तर एकाच पायरीवर आहे!"

"दाखल," सिस्टर म्हणाल्या. "साखर खाली येईपर्यंत कुठेही जायचं नाही." त्यांनी उशीखाली हात घालून चष्म्यामागची जॅमची बाटली बाहेर काढली. "मामा, हा प्रिंटर उचला आणि कपाट मोकळं करा. आणि ताट मी स्वतः बघणार, रोज."

"यापेक्षा मेलेला बरा होतो," मास्तर पुटपुटले आणि पांघरुणात तोंड लपवून खुदखुदले.

जिन्यात भाचेबुवांनी वही उघडली. "मावशी, तक्रारदाराच्या रकान्यात मास्तर लिहिलंय. आरोपीच्या रकान्यात?"

"तेच," मावशी म्हणाल्या. "आणि शाईनं लिही. आपोआप काही जतन होत नाही आपल्याकडे."