चौथ्या चित्राची मतं

"थांबा! इस्त्री बाजूला ठेवा आणि फोन हातात घ्या!" भोपू स्टुलावर चढून ओरडला. दचकून लाँड्रीवाल्या काकांच्या हातातला सदराच खाली पडला.

"अरे, आग लागली की काय?"

"आग नाही काका, मत! चित्र क्रमांक चार! यानाची सावली!"

सुट्टी लागल्यापासून तिघांचा हाच उद्योग चालला होता. भोपू म्हणजे मुंगीचा मावसभाऊ. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. शेजारची शंकासूर ऊठसूट "पण कशावरून?" विचारायची, म्हणून तिचं नाव तसं पडलेलं. आणि मुंगी अंगाने एवढीशी, पण एकदा धरलेलं काम मेली तरी सोडणार नाही अशी.

एका विज्ञान मासिकाने आपल्या संकेतस्थळावर सहा चित्रं ठेवली होती. ज्याला सर्वांत जास्त मतं, ते पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर! एका फोनवरून एकच मत. चौथं चित्र एका दूरच्या लघुग्रहाचं होतं : खडबडीत राखाडी जमीन आणि तिच्यावर पडलेली यानाची सावली. त्या सावलीत एक बारीकशी दांडी दिसायची. ती दांडी मुंगीच्या आईने जोडली होती, स्वतःच्या हातांनी.

आई यान बांधणाऱ्या कारखान्यात तंत्रज्ञ होती. यान उडालं आणि त्याचे संदेश टिपणाऱ्या केंद्रावर, पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, तिला दीड वर्षासाठी जावं लागलं. त्यातले सात महिने कसेबसे सरले होते. फोन फक्त रविवारी यायचा, आणि आवाज दोन सेकंद उशिरा पोहोचायचा. सुरुवातीला दोघी एकदम बोलायच्या आणि एकदमच गप्प व्हायच्या. आता मुंगी मनात एक, दोन मोजून मगच बोलायची. पण जे बोलायचं असायचं, ते त्या मोजण्यातच कुठेतरी राहून जायचं.

"आमच्या खानावळीच्या भिंतीवर मुखपृष्ठं लावलीत," आई एकदा म्हणाली होती. "सगळ्या यानांची. आमचंच तेवढं नाही अजून."

तेव्हापासून मुंगीने ध्यास घेतला होता. आई रोज जिथे जेवते, त्या भिंतीवर आपण पाठवलेलं काहीतरी हवं!

"झालं बरं का मत देऊन," काका म्हणाले. कपडे न्यायला आलेल्या दहा जणांनीही मतं दिली. मुंगीने आकडा पाहिला. यानाची सावली : दोन हजार तीनशे दहा. पहिला नंबर! दुसऱ्या नंबरवर चित्र क्रमांक पाच, टोपलीतलं कुत्र्याचं पिल्लू : दोन हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी.

"जिंकलो!" भोपू गरजला. "उद्या संध्याकाळी मतदान बंद. आता कोण अडवतंय आपल्याला?"

शंकासूर मात्र वहीत डोकं घालून बसली होती. "आत्ता अकरा जणांनी आपल्याला मत दिलं. आपण वाढलो दोनने. पिल्लू वाढलं अकराने."

"योगायोग!"

"पण कशावरून? सकाळी दातांच्या दवाखान्यात सहा मतं मिळाली, तेव्हा पिल्लू सहाने वाढलं. काल पोहण्याच्या तलावावर चौदा, तेव्हाही पिल्लूच चौदाने!"

तिघं धावतच मुंगीच्या घरी आली. तिच्या आजोबांच्या फोनवरून अजून मत दिलेलं नव्हतं. आजोबांनी चष्मा पुसला, बोट नेमकं चौथ्या चित्राखाली टेकवलं. तिघांनी आकड्यांवर डोळे लावले. पिल्लू एकाने वर गेलं! यान जागचं हललं नाही.

"म्हणजे आपली मतं पिल्लाला जातायत," भोपू म्हणाला. "चोर कुठले!"

"आणि पिल्लाची आपल्याला," शंकासूर हळूच म्हणाली. "खरा पहिला नंबर पिल्लाचा आहे."

भोपू जन्मात पहिल्यांदा कुजबुजला, "आपण गप्प बसलो तर? कुणाला कळणार आहे?"

मुंगीने फोनवरची ती सावली पाहिली. दांडी पाहिली. किती सोपं होतं! नुसतं तोंड मिटून बसायचं, उद्याची संध्याकाळ उलटू द्यायची.

"आई रोज ते बघेल," ती म्हणाली, "आणि रविवारी मला त्याबद्दल सांगेल. मला फोनवर खोटं हसावं लागेल रे. मला नाही जमायचं."

मासिकाची कचेरी बसने चार थांबे दूर होती. संकेतस्थळ सांभाळणारे काका खुर्चीत रेलून शेंगदाणे खात होते. सगळं ऐकून ते खो खो हसले.

"हरणारे तक्रार करतात हे पाहिलंय. जिंकणारे आज पहिल्यांदा पाहतोय! अरे बाळांनो, ती यंत्रणा मी स्वतः बसवलीय. चूक होणं शक्यच नाही. पळा, खेळा जा!"

"बरं काका," शंकासूर गोड आवाजात म्हणाली. "तुमचं मत कुणाला?"

"मी अजून दिलं नाही. पण देणार पिल्लालाच. काय गोंडस आहे!"

शंकासूरने भोपूला कोपर मारलं. भोपूने छाती भरून घेतली आणि अख्खी कचेरी हादरेल असा आवाज दिला, "कुत्र्याचं पिल्लू आवडतं, पण अजून मत दिलं नाही, असं कोण कोण? हात वर करा!"

टेबलांमागून, कपाटांमागून नऊ हात वर आले. चित्रकार, टपाल पाहणाऱ्या मावशी, मुद्रितं तपासणारे आजोबा, सगळेच! आवाज ऐकून संपादकबाईही बाहेर आल्या.

"आता एकेकाने मत द्या, आणि काका, तुम्ही आकडा मोठ्याने वाचा!"

काकांनी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या मताला त्यांचा आवाज खाली आला. पाचव्या मताला शेंगदाणे खाली ठेवले गेले. नवव्या मताला त्यांनी कपाळावर हात मारला. नऊच्या नऊ मतं यानाला गेली होती!

"पिल्लाचं पहिलं चित्र अंधुक होतं," ते चाचरत म्हणाले. "मतदान सुरू होण्याआधी ते बदलताना घाईत क्रमांकांची अदलाबदल... मी नंतर तपासलंच नाही."

"पण तुम्ही पोरं पुढे होतात ना?" संपादकबाईंनी विचारलं. "मग आलात कशाला?"

भोपूने पुढे होऊन सगळं सांगितलं, आणि चक्क हळू आवाजात.

तासाभरात आकडे जागच्या जागी गेले. यान दुसऱ्या नंबरवर घसरलं. उरलेला सगळा वेळ तिघं पायाला भिंगरी लावून हिंडली. रंगाऱ्याला शिडीवरून उतरवलं, बसच्या रांगेतल्या एकालाही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मतदान बंद झालं. पिल्लू जिंकलं. सव्वीस मतांनी!

भोपू ओक्साबोक्शी रडला. मुंगी रडली नाही. ती गच्चीत जाऊन वाळलेले कपडे काढत बसली, सगळे घडी करून झाले तरी तिथेच. आजोबा वर आले. "तुझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं," ते म्हणाले. "मी तुम्हा तिघांवर खूश आहे, पोरी." मग तेही तिच्या शेजारी बसले.

रविवारच्या आत नवा अंक घरी आला. मुखपृष्ठावर पिल्लू होतं आणि पहिल्याच पानावर संपादकबाईंचं पत्र. 'आमची चूक तीन मुलांनी शोधली. ती सांगितल्यावर आपण हरू हे ठाऊक असूनही ती आम्हाला येऊन सांगितली. आम्ही मोठी माणसं त्यांच्यापुढे नतमस्तक आहोत.'

रविवारी फोन वाजला. मुंगीने ते पत्र आईला वाचून दाखवलं. एक, दोन. पलीकडून काहीच आलं नाही. तीन, चार, पाच.

"आई? ऐकू येतंय ना?"

"येतंय गं." आईचा आवाज ओला होता. "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"आणखी वाच."

"पत्र संपलं, आई."

"मग पुढचं पान वाच. काहीही वाच. मला तुझा आवाज ऐकायचाय."

मुंगीने पान उलटलं. आधी प्रवाळांवरचा लेख वाचला, मग वाचकांची पत्रं, मग कोडं. सायकलच्या तेलाची जाहिरातसुद्धा सोडली नाही. ती मोजत नव्हती. पलीकडे आईच्या कामाची घंटा होईपर्यंत ती वाचत राहिली.