साचेवालीची उजवी बाजू

जेवणाची वेळ होईपर्यंत सभागृहामागच्या जिन्यावर लपून बसायचं, हा तिचा बेत अगदी पक्का होता. टीम बिल्डिंग म्हणे! घोडे झालेली माणसं डोळ्यांवर पट्ट्या बांधून मैदानात धडपडणार आणि उद्या परत एकमेकांकडे न बघता कामाला लागणार. सकाळीच ताईने फोनवर बजावलं होतं की तोंड पाडून जाशील, तर तोंड पाडूनच परत येशील. ताईला काय जातंय बोलायला? इथे जीव रमत नाही म्हणून हिने स्वतःहून दुसऱ्या शाखेत बदली मागितली होती आणि ती मंजूरही झाली होती. आज संध्याकाळपर्यंत साहेबांना होकार कळवला, की सुटली बिचारी.

"झाकणं तुम्हीच बनवता ना?"

ती दचकली. वरच्या पायरीवर एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. चेहरा अनोळखी, पण आवाज… हा आवाज तर तिने झोपेतही ओळखला असता. तक्रार विभाग! झाकण घट्ट बसतं, झाकण सैल बसतं, असं रोज फोनवरून हिचं डोकं खाणारा. ती प्लॅस्टिकच्या डब्यांचे साचे बनवायची, त्यामुळे सगळ्या तक्रारी शेवटी हिच्याच गळ्यात.

चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या होत्या, आणि त्याच्या वाट्याला ही आली होती. तिने डोकं दुखत असल्याचं सांगितलं. तो गुपचूप शेजारी टेकला.

"मग मीही इथेच बसतो. रोज लोक माझ्यावर ओरडतात. आज कुणीतरी माझ्यासाठी ओरडेल, म्हणून हौसेने आलो होतो."

आता यावर कसली डोकेदुखी टिकणार! ती मुकाट्याने उठली.

मैदानात खुर्च्या आणि पाण्याच्या बादल्या मांडल्या होत्या. पट्टी त्याच्या डोळ्यांवर, वाट सांगायची हिने. सुरुवातीला तिने नुसत्या पाट्या टाकल्या… पुढे, अजून पुढे, थांबा. पण तो इतक्या विश्वासाने पाऊल उचलायचा, की तिलाच लाजल्यासारखं झालं. मग ती जीव तोडून सांगायला लागली, आणि नेमका तिथेच घात झाला. "उजवीकडे!" ती ओरडली. तो उजवीकडे वळला आणि त्याचा पाय थेट बादलीत.

साच्यात सगळं उलटं असतं. डब्याची उजवी बाजू म्हणजे साच्याची डावी. मन लावून काही करायला गेली, की हिची जीभ साच्यासारखी चालायची. कानकोंडी होऊन तिने हे सांगितलं, तर तो ओल्या बुटासकट खो खो हसत सुटला. हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडत. तिने त्या जरा जास्तच वेळ पाहिल्या.

मग पट्टी तिच्या डोळ्यांवर आली. फटीतून बघायचा तिचा विचार होता, पण तिने डोळे घट्ट मिटले. आता गंमत अशी झाली, की त्याने साचेवालीला समजावं म्हणून मुद्दाम उलटं सांगितलं, आणि हा बाबा सरळच बोलणार असं धरून तिने ते सरळच ऐकलं. ती भलतीकडेच निघाली आणि कुणाच्या तरी पोटावर जाऊन आदळली. ते साहेब होते!

"बरं झालं, तूच आलीस," साहेब हसत म्हणाले. "बदलीचा होकार समजू ना?"

तिने पट्टी ओढून काढली. समोर तो उभा होता, चेहरा खाडकन उतरलेला. साहेबांकडून दोन मिनिटं मागून ती त्याच्यापाशी गेली.

"झाकणांच्या खऱ्या तक्रारी फारशा नसतातच," तो खाली बघत म्हणाला.

"मग रोजचे फोन?"

"ते… तुमचा आवाज ऐकल्याशिवाय मला करमत नाही. आवडता तुम्ही मला. पण म्हणून माझ्यासाठी थांबू नका."

इतके दिवस आपण चिडून फोन आपटत होतो, आणि हा वेडा तेवढ्यावरच खूश होता!

"तुझ्यासाठी कशाला थांबू?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे तिला कळलंही नाही. "इथे आपलं कुणी नाही, असं म्हणत होते. पण मान वर करून कुणाकडे बघितलं होतं मी? आता बघायचंय. मी माझ्यासाठी थांबतेय."

"बरं," तो हळूच म्हणाला.

ती साहेबांकडे निघाली, चार पावलं गेली आणि वळली.

"आणि… थोडी तुझ्यासाठी."