पूल होईपर्यंत

टोपलीचं बूड फुटलं आणि ओल्या मातीचा ढीग थेट त्याच्या बुटांवर पडला, तेव्हा ती खळखळून हसली. वादळानंतर नऊ दिवसांनी… पहिल्यांदाच. आपल्याच हसण्यानं ती दचकली आणि गप्प झाली.

“हसा, हसा,” तो चिखलातून पाय ओढत म्हणाला. “ही तुमच्याच हातची ना?”

“माझ्या टोपलीचं बूड असं दगा देत नाही. ही शोभेची आहे, फुलं ठेवायची. कुठून उचललीत?”

“शाळेतून. टेबलावर ओळीनं मांडल्या होत्या.”

तिनं कपाळावर हात मारला. दरवर्षी या महिन्यात डोंगरावरचे सगळे कारागीर शाळेच्या हॉलमध्ये बसायचे. लाकूडकाम, लोकरीचं विणकाम, मडकी, टोपल्या… खालून माणसं बघायला यायची, विकत न्यायची. यंदाची मांडामांड झाली आणि त्याच संध्याकाळी वादळ आलं. नदीवरचा पूल गेला, खालची आळी अर्धी खचली. आता खालून कुणी वर येणार नव्हतं. आले होते ते फक्त पूल बांधणारे, दोरखंडाच्या झुल्यावरून नदी ओलांडून. हा त्यांचा मिस्त्री.

“माती वाहायला किती हव्यात?” तिनं विचारलं.

“चाळीस. आणि फुलांच्या नकोत.”

कारागिरांनी महिना मोडला नाही. हॉलमध्ये सगळे तसेच बसले, फक्त कामं बदलली. सुतारकाका खेळण्यांऐवजी दारं करायला लागले, विणकरीण मावशी गालिचा बाजूला ठेवून जाड पांघरुणं विणायला बसली. आणि ती बांबूच्या कामट्या काढून चिखल वाहायच्या टोपल्या विणू लागली. पूर्वी कामट्या तिचा भाऊ काढायचा. सरळ, एकसारख्या. तिच्या हातून त्या जाड-बारीक निघत.

भाऊ वादळाच्या संध्याकाळी पुलाकडे गेला होता, पलीकडच्या म्हाताऱ्या जोडप्याला अलीकडे आणायला. जोडपं सुखरूप होतं. तो परतला नव्हता.

“पलीकडेच अडकलाय,” आई सगळ्यांना सांगायची. “पूल झाला की येईल.”

ऐकणारे मान डोलवत. लेकही.

मिस्त्री रोज टोपल्या न्यायला यायचा. चौथ्या दिवशी त्याची दोन माणसं मोकळी असतानाही तो स्वतःच आला, तेव्हा मावशीनं भुवई उंचावली आणि पुन्हा धाग्यात डोकं घातलं.

“शिकवता का मला?” तो समोर उकिडवा बसला.

“पूल कोण बांधणार?”

“पूल दुपारी काही पळून जात नाही.”

तिनं कोयता त्याच्या हातात दिला. दुसऱ्याच कामटीला त्यानं अंगठा कापून घेतला. ती फडकं फाडून बांधत असताना तो तिच्या केसांत अडकलेल्या बांबूच्या सालीकडे बघत राहिला. काढू की नको, काढू की नको… शेवटी त्यानं हळूच काढली.

“एवढे मोठे खांब उभे करता,” ती मान खाली घालूनच म्हणाली, “आणि एक कामटी निघत नाही?”

“खांब बोलत नाहीत. तू समोर बसून बोलतेस… म्हणजे, तुम्ही.”

“राहू दे,” ती म्हणाली. “तू चालेल.”

त्या दिवसापासून महिना जरा भरभर सरायला लागला. संध्याकाळी तो घरापर्यंत टोपल्या उचलून द्यायचा, आई त्याला चहा द्यायची आणि रोज एकच विचारायची, “किती राहिला रे पूल?”

“होतोय आई.” उत्तर देताना तो आईकडे बघायचा नाही.

एकदा पायऱ्यांवर त्यानं हळू आवाजात विचारलं, “तुला काय वाटतं? भावाबद्दल…”

“मला कळतंय,” ती म्हणाली. “पण पूल होईपर्यंत आईला आशा आहे. तेवढी राहू दे.”

त्यानं तिचा हात हातात घेतला. तिनं सोडवला नाही.

वादळानंतर सव्विसाव्या दिवशी तो भरदुपारी वर आला. रिकाम्या हातांनी. हात कोपरापर्यंत घासूनपुसून धुतलेले. ती कामटी खाली ठेवून उभी राहिली.

“शेवटच्या खांबाची जागा मोकळी करत होतो…” त्यानं धुतलेल्या हातांकडे पाहिलं. “जुन्या पुलाच्या फळ्यांखाली… कमरेला कोयता होता. मुठीला वेत गुंडाळलेला.”

“मीच गुंडाळून दिला होता,” ती म्हणाली.

हॉलमधले सगळे हात थांबले.

“आईंना मी सांगू?”

“नको. मी सांगते. तू दारात उभा राहा फक्त.”

तिनं सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि लेकीकडे न बघता दाराकडे बघितलं. “पूल झाला नाही ना अजून?”

“चार दिवस राहिलेत, आई.”

“मग चार दिवस थांबायचं होतंस रे,” आई म्हणाली. “चारच दिवस.”

अंत्यविधीला तो सगळ्यांच्या मागे उभा होता. नंतर टोपल्या न्यायला त्याची माणसं यायला लागली.

पूल झाला. पहिला ट्रक वर आला तो त्यांचंच सामान न्यायला. पलीकडच्या खोऱ्यातही वादळानं दोन पूल नेले होते. तो निरोप घ्यायला आला तेव्हा ती अंगणात बांबू भिजत घालत होती.

“तू म्हणालीस तर मी थांबतो.”

“ठाऊक आहे. म्हणून तर म्हणत नाही.”

“माझं काही चुकलं का?”

“नाही रे…” तिनं ओले हात पदराला पुसले. “तू मला आवडतोस. पहिल्या दिवशी हसले ना, तेव्हापासून. पण तू पायऱ्या चढताना दिसलास की मला ती दुपारच वर येताना दिसते. आई तुझा आवाज ऐकला की आत जाऊन बसते. मी काय करू, सांग.”

“कधीतरी कमी होईल ते.”

“होईल… कदाचित. पण त्या भरवशावर तुला ताटकळत नाही ठेवणार मी.”

“आणि मीच ताटकळलो तर?”

तिला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच. “तुझे पाय, तुझा रस्ता. मी कोण अडवणारी?”

तो आणखी काहीतरी बोलणार होता. खालून ट्रकचा भोंगा वाजला. त्यानं तिच्या गालाला बोटांची टोकं लावली, न लावल्यासारखी, आणि वळला.

ती अंगणातच उभी राहिली. ट्रक पुलावर चढल्याचा आवाज आला, फळ्या खडखडल्या, मग पलीकडचं वळण… मग नदीच फक्त.

आई दारात आली होती.

“गेला?”

“गेला.”

आणि मग इतक्या दिवसांचं रडू एकदम आलं. ती मटकन खाली बसली. आई तिच्याशेजारी ओल्या जमिनीवरच टेकली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि कुणासाठी रडतेस म्हणून विचारलं नाही.