ही वस्तू तुमची आहे का?

भाऊबीज आटोपून भाविका माहेराहून निघाली, तेव्हा जीपमधल्या सगळ्यांना ठाऊक झालं होतं की काजल नावाची एक पोर आपल्यासोबत प्रवास करते आहे. सव्वा वर्षाची ती. शेजारच्या बाबाची टोपी ओढून झाली, ड्रायव्हरच्या कानाशी किंचाळून झालं, रस्त्यात बकऱ्या दिसल्या की "मेऽऽ" करून अर्ध्या खिडकीबाहेर जाऊन झालं. आजोबांनी दिवाळीला घातलेले पैंजण वाजतात, हे तिला नुकतंच उमगलं होतं. म्हणून ती पाय मुद्दाम आपटायची, आपटला की थांबून ऐकायची, आणि मग स्वतःच खदखदून हसायची.

"हाई पोर शे का बँडबाजा?" टोपीवाले बाबा म्हणाले. भाविका वरवर ओशाळली, पण मनातून फुलली.

तिच्या हातात नवा फोन होता. ललितने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, दिवाळीला घेऊन दिलेला. त्यात 'सुरक्षा' नावाचं एक ॲप आधीपासूनच होतं, हिरव्या ढालीचं. पुसायला गेलं तर पुसता येत नव्हतं. दिवसातून दहादा ते डोकं वर काढायचं. फोन तपासा, कचरा साफ करा, परवानगी द्या. भाविका तान्ह्या पोरासारखं त्याचंही मन राखायची. म्हणेल ते दाबून मोकळी व्हायची.

प्रकाशा गावी तापीचा पूल लागण्याआधी ड्रायव्हरने चहासाठी जीप थांबवली. भाविका काजलला घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरली. तापीचं पाणी संथ होतं. काजल पायरीवर बसून ओंजळीने पाणी उडवत होती, आणि उडालेल्या पाण्यालाच हसत होती.

माहेरी निघण्यापूर्वी सासूबाईंनी, तापीबाईंनी, बजावून सांगितलं होतं. नवं काही नव्हतं, त्या घरातल्या प्रत्येक सुनेला ते सांगितलं जायचं. "नदीवर थांबशी ते निघताना पोरनं नाव लई हाक मारजो. नुसती उचली आनू नको. धाकला पोरे जठे खेळतस तठेच रमी जातस." भाविका बी.ए. झालेली, पण तिला ते सांगणं आवडायचं. जाताना याच घाटावर तिने हाक मारलीही होती. "चाल वं काजू, मामाकडे!" आणि काजल पायऱ्या चढून तिच्या अंगावर झेपावली होती.

परतताना मात्र फोन थरथरला. ढाल तांबडी झाली होती. 'तुमचा फोन धोक्यात असू शकतो. आता तपासा.' तिने दाबलं. पांढरं चक्र फिरू लागलं. वरून जीपचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. चक्र फिरतच होतं. भाविकाने नजर फोनवर ठेवून एका हाताने काजलला काखेत उचललं आणि पायऱ्या चढली.

पूल ओलांडून झाल्यावर चक्र थांबलं. 'सर्व काही सुरक्षित आहे.'

तेव्हा तिला आठवलं की हाक राहिली. तिने मांडीवर पाहिलं. काजल गाढ झोपली होती, ओठांच्या कडेला दुधाचा वाळलेला डाग, मुठीत आईच्या पदराचं टोक. एवढ्याने काय होतंय, भाविका स्वतःशी म्हणाली.

घरी आल्यावर काजल दमली असेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच वाटलं. दिली ती खिचडी खाल्ली, निजवलं तेव्हा निजली. काजळ घालताना रोज घर डोक्यावर घेणारी पोर डोळे उघडे ठेवून मुकाट बसली. ललित कामावरून आला, त्याने तिला वर उडवून झेललं. ती त्याच्याकडे नुसती पाहत राहिली.

"माहेरले काय खावाडं वं हिले? बॅटरी उतरनी का काय हिनी?"

"शहानी व्हयी गयी ती," भाविका म्हणाली. "तुमनी नजर नका लावू."

त्याच संध्याकाळी ढाल पुन्हा तांबडी झाली. या वेळी मजकूर वेगळा होता. 'एक अनोळखी वस्तू तुमच्या मागे प्रवास करत असल्याचे आढळले आहे.' खाली नकाशा. नकाशावर एक तांबडा ठिपका, प्रकाशाच्या घाटावर, अगदी पाण्याला लागून. तिथून पुलाकडे निघालेले आणखी काही ठिपके.

ललितने समजावलं. किल्लीला, बॅगेला लावायची बटणाएवढी यंत्रं मिळतात हल्ली. वस्तू हरवली तर सापडावी म्हणून. कोणाचं तरी असं यंत्र आपल्या सामानात आलं असेल. दोघांनी पिशव्या उपसल्या. करंज्या निघाल्या, पापड निघाले, काजलची झबली, टोपडं. बटण काही निघालं नाही.

"आनि सामानमा ऱ्हातं ते ठिपका घरमा दिसता," भाविका म्हणाली. "हाऊ ते आजून पूलवर शे."

ललितने फोन पालथा ठेवला. "येडं ॲप शे. सोड."

तिने सोडलं नाही. कामं उरकली, काजल निजली की ती नकाशा उघडून बसायची. ठिपके रोज थोडे पुढे सरकायचे. गाडीच्या वेगाने नाही, मोठ्या माणसाच्या चालीनेही नाही. सरळ रेघ तर कधीच नसायची. रस्ता सोडून पपईच्या मळ्यात शिरायचे, परत यायचे, एकाच जागी गोल गोल फिरायचे. फाट्याजवळ एका धनगराचा तळ पडला होता, तिथे ते दिवसभर रेंगाळले. बकऱ्यांमध्ये.

मग गावाची शीव ओलांडली. मग खळं.

एका दुपारी ठिपका घराच्या मागे होता, गोठ्याच्या पलीकडे. घरात कोणी नव्हतं. तापीबाई शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. नकाशाखाली एक बटण भाविकाने आधीही पाहिलं होतं. 'वस्तू शोधण्यासाठी आवाज करा.' तिने ते दाबलं.

काही क्षण काहीच नाही. गाय कान हलवत होती.

मग गोठ्यामागून आवाज आला. छुम.

थोडं थांबून, छुम छुम. मग धप्प, कोणी पडल्यासारखं. मग बराच वेळ काही नाही. आणि पुन्हा, जरा जवळून, छुम.

भाविकाने झोळीकडे पाहिलं. काजल जागी होती. आढ्याकडे पाहत पडली होती. दोन्ही पाय झोळीबाहेर, पैंजण पायांत, आणि पाय अगदी स्थिर.

भाविका कशी उठली हे तिला नंतरही आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच की तिने मागचं दार ओढलं, कडी लावली, कडीत लाटणं अडकवलं, आणि पोरीला छातीशी घट्ट धरून पुढच्या खोलीत येऊन बसली. जे काही आहे ते माझ्या लेकरापाठी आलंय, असंच तिला वाटलं. कोणत्याही आईला तेच वाटलं असतं.

बाहेर कोणी दार वाजवलं नाही. खालच्या फळीवर काहीतरी दोन-तीनदा हलकेच थापटल्यासारखं झालं. मांजर असेल.

संध्याकाळी तिने ललितला सांगितलं, "ते ॲप काढाच. आज्जीबात नको मले."

तापीबाई चुलीशी होत्या. त्यांना ॲपमधलं कळत नव्हतं, पण सगळं ऐकलेलं असायचं. "राखनदार शे ना तो? चोर ऊना म्हनी सांगस, तर त्यालेच घरबाहेर काढतस? भारी शे तुमनं!"

"आत्याबाई, तो चोर कोन शे ते सांगस नै. नुसता भेवाडस," भाविका सासूला म्हणाली.

"मंग आपन इचारो ना. कोन शे रे बा, म्हनी."

त्यावर ललित हसला. भाविकालाही हसू आलं. पुढे कितीतरी दिवस त्या हसण्याने तिला जाळलं.

नंदुरबारला भूपेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. ललितचा शाळासोबती तो. काजलला घेऊन दोघं रिक्षाने निघाले. मिरचीचा हंगाम भरात होता. शहराच्या अलीकडे वाळवणाच्या पथारींवर लांबवर लाल मिरची पसरलेली, आणि वाऱ्याला तिचा झोंबरा वास. रिक्षातली सगळी माणसं खोकू लागली. ललितच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, रिक्षावाल्याने तोंडाला रुमाल बांधला. भाविकाने घाईने काजलच्या तोंडावर पदर टाकला. काजलने तो बाजूला केला आणि मिरचीकडे शांतपणे पाहत राहिली.

"गुनीन पोर शे वं," शेजारची म्हातारी खोकत म्हणाली. "जरासा ठसका नै लागना!"

भूपेशने फोन हातात घेतला. "वहिनी, हे कंपनीवालास्नी चिकटाडेल शे. उपटाई जावाव नै. पन झोपाडी देवाई जास."

"त्यानी काही नुकसान व्हस का?" भाविकाने विचारलं.

"कोनी म्हनस ऱ्हाऊ द्या, चांगलं ऱ्हास. कोनी म्हनस बॅटरी खास, जाहिरात दखाडस, भेवाडी भेवाडी बटनं दाबी लेस. तुमनं मन काय म्हनस ते करा."

तिने कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. "झोपाडी द्या," ती म्हणाली.

भूपेशने दोन-चार ठिकाणी दाबलं आणि थांबला. "एक सूचना बाकी शे. तिनं उत्तर देवाशिवाय पुढे जात नै." त्याने फोन तिच्यासमोर धरला.

'ही वस्तू तुमची आहे का?'

खाली दोन बटणं. हो. नाही.

"तुमनी शे का?" भूपेशने विचारलं.

"नै वं माय!"

"मंग दाबा."

भाविकाने आपल्या अंगठ्याने 'नाही' दाबलं. चक्र फिरलं. 'ही वस्तू यापुढे तुमच्यापर्यंत पोहोचू शकणार नाही.' मग ढाल राखाडी झाली, आणि फोन इतका शांत झाला की तिघांनाही बरं वाटलं.

"गयी पनवती," भूपेश म्हणाला आणि चहा मागवला.

थंडी सरत आली. काजल वजनाने भरली. सुई टोचली तेव्हा रडली नाही, नर्सताईने दोनदा खात्री करून घेतली की औषध गेलं का. पडली तर पडल्या जागी बसून राहायची, कोणीतरी उचलेपर्यंत. शेजारणी आपापल्या पोरांना तिचं उदाहरण द्यायच्या. पैंजण वाजेनासे झाले होते. तुटले नव्हते, घुंगरू शाबूत होते. ती पाऊलच तसं टाकत नव्हती. भाविका तिला गुदगुल्या करायची, "मेऽऽ" करून दाखवायची, स्वतःच हसायची आणि स्वतःच थांबायची. पोटच्या पोरीला पाजताना आपण कोणा पाहुणीला जेवू घालतो आहोत, असं तिला वाटायचं, आणि त्या विचाराची शरम वाटून ती तिचे पापे घ्यायची.

शेवटी तापीबाईंनी दृष्ट काढायचं ठरवलं. मीठ-मिरच्या मुठीत घेऊन पाटावर बसवलेल्या काजलवरून उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. नजर लागलेली असली तर मिरचीला ठसका येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. सगळे श्वास रोखून उभे राहिले.

ठसका आला. असा आला की तापीबाई भिंतीला धरून खोकल्या, ललित अंगणात पळाला, भाविकाच्या घशात आग झाली.

"नजर नै शे," तापीबाई डोळे पुसत म्हणाल्या.

मग त्यांची नजर पाटाकडे गेली. काजल धुराच्या मधोमध बसली होती. पापणी लवत नव्हती. धूर तिच्या तोंडावरून जात होता, जसा पाटावरून जातो, भिंतीवरून जातो.

तापीबाई सुनेकडे वळल्या. आवाज अगदी हळू.

"भाविका, प्रकाशाले हाक मारी व्हती ना, वं?"

भाविकाने नकारार्थी मान हलवली.

सासू रागवेल, असं तिला वाटलं. रागवली असती तर बरं झालं असतं. तापीबाईंनी निखाऱ्यांवर राख लोटली आणि तिच्याजवळ येऊन बसल्या. "मंग तठे रमनी ती मांगेतीन चालत निंघी व्हयी ना, बाई. धाकला पाय. येळ लागस."

भाविका उठली, मागच्या दाराची कडी काढली. गोठा होता, गाय होती, वाळलेलं शेण होतं. फळीवर खालच्या बाजूला, गुडघ्याच्याही खाली, मातकट डाग होते. बोटांएवढे. ती बसली आणि त्या डागांवर तिने आपला गाल टेकवला.

फोनवर ढाल परत हिरवी करायला वेळ लागला नाही. झोपवणं जितकं सोपं होतं, तितकंच जागवणंही. तिने शोधायला लावलं. चक्र फिरलं. 'तुमच्या जवळ कोणतीही अनोळखी वस्तू नाही. सर्व काही सुरक्षित आहे.' जुना नकाशा कुठेच नव्हता. तिने ती 'हो' आणि 'नाही'ची पाटी शोधली. सेटिंगा पालथ्या घातल्या. भूपेशला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, ते येकदाच इचारस."

दुसऱ्या दिवशी ती आणि ललित प्रकाशाला गेले. काजल तिच्या कडेवर होती. घाटावर माणसं होती, कोणी अंघोळीला, कोणी अस्थी घेऊन आलेलं, धुणं धुणाऱ्या बाया. पाणी तसंच संथ होतं. भाविका शेवटच्या पायरीपर्यंत उतरली. तिने जीव एकवटून हाक मारली.

"काजूऽऽ! चाल वं माय, घर चाल!"

हाक पाण्यावरून पलीकडच्या काठाला गेली. धुणं थांबलं. घाटावरच्या सगळ्यांनी वळून पायऱ्यांकडे पाहिलं, ही बाई कोणाला बोलावते आहे म्हणून.

भाविकाच्या कडेवरच्या पोरीनेही मान वळवली, आणि इतरांसारखीच ती मागच्या पायऱ्यांकडे पाहू लागली, कोण येतंय म्हणून.